गेन रोज लावूनही घरचं रेकॉर्डिंग रोज वेगळं का येतं?

सोमवारी कथावाचन रेकॉर्ड केलं आणि ऐकलं, तर चढ्या वाक्यांवर आवाज फाटलेला. मंगळवारी गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून आत घ्यायचा ते ठरवणारा नॉब, उतरवला. आवाज इतका बारीक आला की एडिटिंगमध्ये वाढवावा लागला, आणि त्याच्याबरोबर पंख्याची घरघरही वर आली. बुधवारी नॉब मधोमध ठेवला, काम झालं. गुरुवारी नॉबला हातसुद्धा लावला नव्हता, तरी पुन्हा फाटलं. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांची ही इतकी नेहमीची तक्रार आहे की पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं सांगता येतं.

यावर लोक सहसा नवा माईक घेतात. पैसे जातात, चक्र तसंच राहतं. तोंडातून निघालेला आवाज फाइलमध्ये पोचेपर्यंत पाच-सहा ठिकाणी त्याची पातळी बदलू शकते: माईकपासूनचं अंतर, माईकवरचं बटण, इंटरफेसचा (माईक संगणकाला जोडणाऱ्या डबीचा) गेन, विंडोजची पट्टी, सॉफ्टवेअरची पट्टी, मीटिंगच्या अ‍ॅपने परस्पर केलेला बदल. यातला एक नॉब तुम्ही रोज इमानेइतबारे लावता आणि हलतो दुसराच. म्हणून लेव्हल एकाच ठिकाणी लावायची आणि बाकीची ठिकाणं बांधून टाकायची. पण आधी हलतंय कोण ते शोधू.

फाटलेली फाइल उघडा, लाट बघा

कानाला सगळं फाटलेलं सारखंच वाटतं, डोळ्याला मात्र फरक दिसतो. फाटलेली जागा सॉफ्टवेअरमध्ये इतकी मोठी करा की एकेक लाट सुटी दिसेल. मग तिचा माथा बघा.

माथा ट्रॅकच्या अगदी वरच्या काठाला, म्हणजे शून्य डीबीला (डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) टेकून सपाट झाला असेल तर गेन खरोखरच जास्त होता. डिजिटलमध्ये शून्य ही कमाल पातळी. त्याच्या वरचा आकडाच नसल्यामुळे पुढचं सगळं छाटलं जातं. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्ह्यू मेनूमधलं 'शो क्लिपिंग' चालू ठेवलं की अशा जागी लाल रेघा येतात.

माथा सपाट आहे, पण काठापर्यंत पोचलेलाच नाही, मध्येच छाटलाय, हा प्रकार सगळ्यात फसवा. सॉफ्टवेअरचा मीटर कधी लाल झालेलाच नसतो, त्यामुळे माणूस गेनवर संशय घेत नाही. याचा अर्थ आवाज मीटरच्या आधीच कुठेतरी फाटला आणि पुढे कोणीतरी तो फाटलेला आवाज कमी केला. दोन कारणं वारंवार सापडतात. एक, लॅपटॉपच्या माईक-जॅकवर 'मायक्रोफोन बूस्ट' २० किंवा ३० डीबीवर आहे आणि खालची पट्टी मात्र खेचून कमी केलेली आहे. दुसरं, दोन इनपुटांचा इंटरफेस आहे, माईक एकाच इनपुटात आहे, आणि सॉफ्टवेअर दोन्हींची सरासरी काढून मोनो ट्रॅक बनवतंय. दुसरं इनपुट मुकं असल्याने आवाज निम्मा होतो, म्हणजे ६ डीबी उतरतो. इंटरफेसवर लाल दिवा लागून गेला तरी ट्रॅकवर लाट अर्ध्या उंचीलाच छाटलेली दिसते. इथे सॉफ्टवेअरमध्ये सरळ 'इनपुट १' निवडा आणि इंटरफेसवरच्या दिव्यावर विश्वास ठेवा.

छाटणी कुठेच नाही, पण वाक्याचा पहिला शब्द मोठा आणि मग आवाज बसतो, दोन वाक्यांमधल्या शांततेत पंखा हळूहळू वर येतो. हे ऑटोमॅटिक गेनचं काम, म्हणजे यंत्र स्वतःच लेव्हल वरखाली करतंय. त्याच्याबद्दल खाली सविस्तर.

लाट गोल आहे, शाबूत आहे, तरी ऐकताना फाटतं? मग हेडफोन बदलून ऐका. लॅपटॉपचे छोटे स्पीकर पेटीच्या खालच्या सुरांना आणि डग्ग्याला खडखडतात, फाइल बिचारी निर्दोष असते. आणि फक्त 'फ', 'भ', 'प' यांच्यावर धप्प येत असेल तर ती हवा आहे. मोठी करून पाहिली तर तिथे एक रुंद, संथ लाट दिसेल. तिच्यासाठी गेन कमी करण्यात अर्थ नाही.

शेवटची एक गल्लत. दोन-तीन ट्रॅक एकत्र वाजताना मास्टरचा, म्हणजे सगळ्यांच्या बेरजेचा, मीटर लाल होतो आणि लोक घाबरून माईकचा गेन उतरवतात. पेटी, तबला आणि गळा यांची बेरीज मोठी होणारच. एकेक ट्रॅक स्वच्छ असेल तर रेकॉर्डिंगला काही झालेलं नाही. ट्रॅकचे फेडर, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची आवाजाची पट्टी, खाली घ्या.

न विचारता हलणारे

गुरुवारची गोष्ट इथे सुटते. बुधवारी संध्याकाळी त्याच लॅपटॉपवर झूमवर मीटिंग झाली होती का? झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिकली अ‍ॅडजस्ट मायक्रोफोन व्हॉल्यूम' असा पर्याय असतो. तो चालू असला तर तुमचा आवाज बारीक वाटताच झूम विंडोजची माईक-पट्टी स्वतः वर नेतो, आणि मीटिंग संपल्यावर ती जिथे होती तिथे परत आलेली असेलच असं नाही. ब्राउझरमधल्या मीटिंगांकडूनही हे होऊ शकतं. मुलाचा ऑनलाइन क्लास, ऑफिसचा कॉल आणि तुमचं रेकॉर्डिंग एकाच यंत्रावर आणि एकाच माईकवर होत असेल तर रोजची वेगळी लेव्हल हा चमत्कार राहत नाही. तो पर्याय बंद करा, आणि रेकॉर्डिंगच्या आधी मीटिंगची अ‍ॅप नुसती मिनिमाइझ न करता पूर्ण बंद करा.

मग विंडोजच्या आत. सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड, तिथे तळाशी 'मोअर साउंड सेटिंग्ज', आणि उघडणाऱ्या जुन्या खिडकीत 'रेकॉर्डिंग'. आपला माईक निवडून प्रॉपर्टीज. 'लेव्हल्स'मध्ये बूस्ट दिसला तर शून्य करा. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये एक्स्क्लुझिव्ह कंट्रोलच्या (एकाच अ‍ॅपला माईकचा पूर्ण ताबा देणाऱ्या पर्यायाच्या) चौकोनातली खूण काढून बघा. एनहान्समेंट्स नावाचं जे काही असेल ते बंद. लॅपटॉप कंपन्यांनी स्वतःची 'स्मार्ट माईक' छाप अ‍ॅप टाकलेली असतात, त्यांनाही रजा द्या. त्याच खिडकीत 'कम्युनिकेशन्स' हा भाग आहे. तिथे मुळातच असं ठरवलेलं असतं की कॉल आला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी उतरवायचे. रियाजाला लॅपटॉपवर तानपुरा लावणाऱ्यांचा तानपुरा मध्येच बसतो तो यामुळे. 'डू नथिंग' निवडून टाका.

विंडोजची पट्टी कितीवर ठेवायची, याचं उत्तर यंत्रानुसार बदलतं. इंटरफेस असेल आणि त्याच्यावर खरा नॉब असेल तर पट्टी १०० वर ठेवून विसरायची, लेव्हल नॉबने लावायची. यूएसबी माईकवर नॉबच नसेल तर ती पट्टी हाच तुमचा गेन. तो आकडा कागदावर लिहून माईकच्या स्टँडला चिकटवा आणि दर वेळी बसण्याआधी ताडून बघा. यूएसबीचं भोक शक्यतो बदलू नका. दुसऱ्या भोकात लावलेला तोच माईक विंडोजला नवा पाहुणा वाटू शकतो, आणि पाहुण्याला ते स्वतःच्या ठरलेल्या पट्टीवर बसवतं. ऑडॅसिटीच्या काही आवृत्त्यांत सॉफ्टवेअरची माईक-पट्टी हलवली की विंडोजचीही हलते. त्यामुळे 'मी तर विंडोजला हात लावला नाही' हे म्हणणं खरं असूनही उपयोगाचं नसतं.

कधीकधी तुमचा माईक रेकॉर्डच होत नसतो! विंडोजने लॅपटॉपचा अंगचा माईक निवडलेला असतो. आवाज येतो, फक्त लांबून आणि घुमल्यासारखा, आणि समोरच्या महागड्या माईकचा नॉब कितीही फिरवला तरी लेव्हल ढिम्म. माईकच्या जाळीवर नख फिरवा. खरखर जोरात ऐकू आली तर माईक बरोबर आहे; कीबोर्डजवळ नख फिरवल्यावर आली तर भलताच निवडलाय. ब्लूटूथ हेडफोन जोडलेला असेल तर आणखी एक घोळ होतो: त्याचा माईक वापरात आला की हेडफोन फोनकॉलच्या दर्जावर उतरतो आणि ऐकू येणारंही सगळं डबक्यातलं वाटतं. रेकॉर्डिंगला वायरचा हेडफोनच वापरावा, या बाबतीत मी कुठलीही सूट द्यायला तयार नाही.

मॅक आणि आयफोनवाल्यांनी कंट्रोल सेंटरमधला माईक मोड बघावा. हे मोड २०२१ साली आले. 'व्हॉइस आयसोलेशन' चालू असेल तर कॉलवर सलग चालणारा आवाज गोंगाट समजून कापला जातो. तानपुरा आणि पेटीचा धरलेला सूर हे यंत्राच्या दृष्टीने सलग चालणारे आवाजच. ऑनलाइन शिकवणीची रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या गाण्याच्या विद्यार्थ्यांना हा अनुभव पाठ असेल: गुरुजींचा आवाज येतो, सूर गायब. झूममध्ये यासाठी 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' आहे. ते दोन्ही टोकांना चालू करा.

मग लेव्हल ठेवायची किती?

बोलण्यासाठी सर्वांत उंच टोक उणे १२ डीबीच्या आसपास, क्वचित उणे ६ पर्यंत. सरासरी उणे १८ ते उणे २० च्या घरात राहील. गाण्यासाठी आणि तबल्यासाठीही उणे १२ च धरा. उणे ६ ओलांडलं की गेन उतरवायची वेळ झाली.

हे आकडे ऐकून बऱ्याच जणांना चुकल्यासारखं होतं. मीटर अर्धाच भरतोय, वरची जागा वाया चाललीय, असं वाटतं. ही सवय कॅसेटच्या काळातली. टेपला स्वतःची सळसळ असायची, म्हणून आवाज जितका वर नेता येईल तितका नेऊन ती सळसळ खाली दाबायची. काटा थोडा लाल पट्ट्यात गेला तरी टेप हळूहळू दबायची, एकदम फाटायची नाही. डिजिटलमध्ये दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. २४ बिटमध्ये कागदावर १४४ डीबीची जागा असते, घरगुती इंटरफेसात प्रत्यक्ष ११० च्या आसपास मिळते. शहरातल्या फ्लॅटमध्ये तुमचा आवाज आणि खोलीची शांतता यांच्यात ४०-५० डीबी मिळाले तरी नशीब. वरचे १२ डीबी मोकळे सोडल्याने काहीही हरवत नाही. शून्याच्या वर मात्र दयामाया नाही. दूध तापवताना पातेलं काठोकाठ भरत नाहीत, तसंच हे.

'पण मग माझा आवाज यूट्यूबवरच्या इतरांपेक्षा बारीक येतो.' येणारच, कारण त्यांनी तो रेकॉर्डिंगनंतर वाढवलेला असतो. रेकॉर्डिंगची लेव्हल आणि ऐकणाऱ्यापर्यंत जाणारा मोठेपणा ही दोन वेगळी कामं आहेत. यूट्यूब आणि स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाच्या मापाच्या) आसपास आवाज आणतात, अ‍ॅपल पॉडकास्टची शिफारस उणे १६ ची आहे. ऑडिओबुकसाठी अ‍ॅमेझॉनच्या एसीएक्सची अट अशी की टोक उणे ३ डीबीच्या वर नको, सरासरी उणे २३ ते उणे १८, आणि शांततेतली खरखर उणे ६० च्या खाली. हे सगळं शेवटी जुळवायचं असतं. फाइल २४ बिटमध्ये असेल तर नंतर १० डीबी वाढवणं आणि आधीच १० डीबी जास्त गेन ठेवणं यात खोलीच्या खरखरीच्या दृष्टीने फरक नाही. पंखा दोन्हीकडे तेवढाच वाढतो. फरक इतकाच की नंतर वाढवताना फाटण्याचा धोका नसतो. सॉफ्टवेअर १६ बिटवर ठेवलेलं असेल तर आधी ते २४ करा.

'हॅलो हॅलो, वन टू थ्री' म्हणून लेव्हल लावू नका

चाचणीला माणूस जसा बोलतो तसा तो पुढे कधीच बोलत नाही. चाचणीत आवाज संकोचलेला असतो. दहा मिनिटांनी गोष्ट रंगात येते, आवाज आपोआप चढतो, आणि त्यात माणूस माईककडे झुकतो. झुकल्याने काय होतं ते लक्षात घ्या: अंतर निम्मं झालं की लेव्हल साधारण ६ डीबी वाढते. वीतभर अंतरावरून बोलत असाल आणि भावनेच्या भरात चार बोटांवर आलात तर ९-१० डीबी. तुमची उणे १० वर लावलेली लेव्हल शून्याला टेकली. वर, जवळ आल्याने खालचा खर्ज फुगतो तो वेगळाच.

म्हणून चाचणी सगळ्यात जोरकस तुकड्यावर घ्या. कथेत भांडणाचा प्रसंग असेल तर तो वाचा, खऱ्या आवेशात. गाणं असेल तर तार षड्जाच्या वरची जागा आणि एक पल्लेदार तान. मंद्रातल्या आलापावर लावलेली लेव्हल द्रुतात टिकत नाही. अर्धा मिनिट पूर्ण ताकदीने झाल्यावर मीटरवर अडकलेलं सर्वांत उंच टोक बघा आणि ते उणे १२ ला येईपर्यंत नॉब फिरवा. मग नॉब सोडा. संथ आलाप उणे ३० च्या आसपास दिसला तर दिसू द्या. मध्येच वाढवायचा मोह होतोच, आणि रेकॉर्डिंग चालू असताना फिरवलेला गेन हा नंतर एडिटिंगमधला सर्वांत कंटाळवाणा उद्योग असतो.

तबल्याला मीटरच्या प्रकाराकडे लक्ष द्या. जुन्या पद्धतीच्या व्हीयू मीटरचा काटा पूर्ण चढायला सुमारे ३०० मिलिसेकंद घेतो. चाटीवरची टणक थाप त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते. काटा अर्ध्यावर डुलत असतो आणि टोकं छाटली जात असतात. सॉफ्टवेअरमध्ये 'पीक' दाखवणारा मीटर निवडा आणि चाचणीला ठेका वाजवून घेऊ नका, जोरकस तिहाई वाजवून घ्या. तबल्याची टोकं सरासरीपेक्षा १५ डीबी सहज वर जातात. त्यामुळे योग्य लेव्हलला लावलेला तबला ऐकायला बारीक वाटतो, आणि वादक म्हणतो, 'थोडा वाढवा की!' त्यांचा हेडफोन वाढवा, गेन नको.

ही हेडफोनची गोष्ट वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. इंटरफेसवर दोन-तीन नॉब शेजारी शेजारी असतात. स्वतःचा आवाज कानात कमी आला की हात गेनकडे जातो, कारण तो समोर असतो. हेडफोनच्या नॉबचा फाइलशी काही संबंध नाही. तो कितीही फिरवा. बसण्याआधी तो आरामात ऐकू येईल इतका वाढवून ठेवला तर निम्मी छेडछाड वाचते.

पेटीची चाचणी घेताना कपलर आणि सगळे स्टॉपर उघडून, भाता भरून वाजवा. माईक भात्याच्या बाजूला ठेवू नका, तिथे हवेची फूस आणि लाकडाची कटकट येते. पट्ट्यांच्या बाजूने, हात-दीड हात वरून ठेवा. पेटी वाजवत गाणाऱ्याला एकच माईक असेल तर लेव्हलचं गणित गेनने सुटणार नाही. माईक तोंडाकडे सरकवला की गळा वाढतो, खाली नेला की पेटी, जुळवणी तिथे.

कमी केला की बारीक, वाढवला की पंखा

हे दुखणं गेनचं वाटतं, पण गेनला इथे काहीच करता येत नाही. नॉब फिरवला की आवाज आणि पंखा हातात हात घालून वर जातात. दोघांमधलं अंतर वाढवायचे मार्ग दोनच: तोंड माईकच्या जवळ, किंवा गोंगाट लांब. हातभर अंतरावरून बोलत असाल तर वीतभर अंतरावर या आणि गेन तेवढा उतरवा. रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद. मे महिन्यात हे सांगणाऱ्याला लोक शिव्या देतात, पण दुसरा चांगला उपाय नाही. तुकडे छोटे करा, मध्ये पंखा लावा.

जवळ आलात की 'भ' आणि 'फ' यांची हवा माईकवर आदळते. आपल्याकडे महाप्राण व्यंजनं भरपूर, एका परिच्छेदात दहा-बारा सहज. माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता थोडा बाजूला ठेवा आणि त्याचं तोंड आपल्या ओठांकडे वळवा. हवा पुढून निघून जाते, आवाज मिळतो. पॉप फिल्टर लावलात तर उत्तमच. इंटरफेसवर किंवा माईकवर ८० हर्ट्झच्या आसपासचा लो-कट (त्याखालचे खर्जाचे आवाज कापणारी कळ) असेल तर बोलण्यासाठी चालू ठेवा. तबल्याला मात्र नको, डग्ग्याचा घुमारा जाईल.

सलग घूंऽऽ ऐकू येत असेल आणि लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर थांबत असेल, तर तो आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा हम आहे. बॅटरीवर रेकॉर्ड करा, नाहीतर अर्थिंग असलेलं तीन पिनांचं सॉकेट वापरा.

गेन पूर्ण फिरवला तरी आवाज बारीकच

माईकची तोंडं तपासा. उभे ठेवायचे बरेचसे कंडेन्सर (विजेवर चालणारे, जास्त संवेदनशील) माईक बाजूने ऐकतात, टोकाकडून नाही. त्यांच्या शेंड्यात बोलणारे, किंवा उलट्या बाजूने बोलणारे खूप आहेत. कंपनीचं नाव किंवा चिन्ह साधारणपणे ज्या बाजूला असतं ती पुढची.

डायनॅमिक (विजेशिवाय चालणाऱ्या) माईकला जास्त गेन लागतो हे साहजिक आहे. शुअर एसएम ५८ एका ठराविक आवाजाला १.८५ मिलिव्होल्ट देतो, ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० कंडेन्सर तेवढ्याच आवाजाला १४.१. म्हणजे साडेसतरा डीबीचा फरक. माईक बदलल्यावर नॉब जुन्याच खुणेवर ठेवला तर कोणता फाटेल आणि कोणता मुका वाटेल ते यावरून कळतं. पॉडकास्टवाल्यांच्या व्हिडिओंमुळे लोकप्रिय झालेला एसएम ७बी तर एसएम ५८ पेक्षाही हळू आहे, त्याला ६० डीबीच्या घरात गेन लागतो. फोकसराइट स्कारलेट २आय२ या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत ५६ डीबी मिळायचे, चौथ्या पिढीत ६९ मिळतात. इंटरफेस जुना असेल तर मध्ये २०-२५ डीबी देणारा छोटा बूस्टर लावतात. त्याला इंटरफेसची ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माईकच्याच वायरमधून जाणारी वीज) चालू करावी लागते.

स्वस्त किटमध्ये बीएम ८०० नावाने मिळणारे कंडेन्सर माईक आणि त्यांच्याबरोबर एक्सएलआर (माईकचा तीन पिनांचा जोड) ते साडेतीन मिलिमीटरची वायर. ती वायर लॅपटॉपला लावली की माईकला ४८ व्होल्ट मिळत नाहीत, जॅकमधून येणाऱ्या दोन-चार व्होल्टांवर तो कसाबसा चालतो. आवाज बारीक, सळसळ भरपूर. त्यावर बूस्ट चढवू नका. वेगळी फँटम पॉवर घ्या, नाहीतर इंटरफेस.

कॉलर माईकमध्ये बोया बीवाय-एम१ खूप घरांत आहे. त्याच्या डबीवर स्मार्टफोन आणि कॅमेरा अशी दोन खुणांची कळ असते आणि आत एलआर ४४ बॅटरी. कळ चुकीच्या बाजूला किंवा बॅटरी संपलेली असली की लेव्हल जमत नाही. तीन काळ्या रेघांचा त्याचा पिन फोनसाठी आहे. माईक आणि हेडफोनची वेगळी भोकं असलेल्या संगणकाला तो सरळ लावता येत नाही, छोटा स्प्लिटर लागतो.

फोनवर रेकॉर्ड करत असाल तर

फोनचं अंगचं रेकॉर्डर सहसा लेव्हल स्वतः ठरवतं. तपासायचं असेल तर रेकॉर्डिंग लावून दहा-पंधरा सेकंद गप्प बसा, मग एकदम जोरात टाळी वाजवा आणि लगेच बोला. टाळीनंतर आवाज खाली गेला आणि हळूहळू वर आला तर ऑटो गेन आहे. गेन हाताने लावता येणारं अ‍ॅप घ्या. ते जमत नसेल तर अंतर कायम ठेवा आणि मध्ये लांब शांतता पाडू नका. यंत्राला सावरायला लावणाऱ्या गोष्टी कमी केल्या की ते कमी हलतं. फोन कव्हरमधून काढा, खालचं माईकचं भोक बोटाने झाकत नाही ना ते बघा.

तरीही फाटलेला टेक हातात आला

'माझं सॉफ्टवेअर ३२ बिट फ्लोटवर आहे, मग कसं फाटलं?' हा प्रश्न येतोच, कारण या पद्धतीत शून्याच्या वरचे आकडेही लिहिता येतात. सॉफ्टवेअर ३२ बिटचं असलं तरी इंटरफेस आवाजाचे आकडे २४ बिटमध्येच करतो, आणि छाटणी तिथे होऊन गेलेली असते. झूम एफ६ सारखे रेकॉर्डर (ही झूम कंपनी मीटिंगच्या अ‍ॅपवाली नव्हे) मुळातूनच ३२ बिट फ्लोटमध्ये नोंदवतात. त्यांच्यावर शून्याच्या वर गेलेला आवाज नंतर खाली आणता येतो. तिथेही माईक स्वतःच आवाजाने भरून गेला असेल तर इलाज नाही.

दुरुस्ती करायची असेल तर ऑडॅसिटीत 'क्लिप फिक्स' आहे, पैसे मोजायची तयारी असेल तर आयझोटोप आरएक्सचं 'डी-क्लिप'. दोन्ही छाटलेल्या माथ्याच्या जागी अंदाजाने नवा माथा काढतात, म्हणून आधी वर जागा करून द्यावी लागते. क्लिप फिक्समध्ये त्यासाठी लेव्हल उतरवण्याचा आकडा असतोच. एखादा शब्द, एखादी थाप असेल तर ऐकणाऱ्याला कळतही नाही. वाक्यच्या वाक्य छाटलेलं असेल तर दुरुस्तीनंतर आवाज घोगरा आणि निर्जीव येतो. तेवढं वाक्य पुन्हा वाचा. त्यासाठी माईकचा स्टँड, खुर्ची आणि नॉब जिथे होते तिथे असायला हवेत: जमिनीवर स्टँडच्या पायांशी चिकटपट्टीची खूण, नॉबच्या कडेला पेन्सिलची रेघ, आणि विंडोजच्या पट्टीचा आकडा त्या दिवशीच्या फाइलच्या नावातच.